पेटीचा पतंग

परवा नातवासाठी पेटीचा पतंग केला. चार लांब काड्या, दोन्ही टोकांना कागदाचे पट्टे, मधला भाग मोकळा. पहिल्यांदा काड्या वाकल्या. आत आडव्या-तिरक्या काड्यांचा ताण दिल्यावर बेटा असा उडाला! शेपटी नाही, तरी डुगडुग नाही.

मंडळी, हा पतंग ऑस्ट्रेलियातल्या लॉरेन्स हारग्रेव्ह यांचा, १८९३ सालचा. १२ नोव्हेंबर १८९४ला स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर त्यांनी असे चार पतंग एका दोरीत ओवले, खाली बैठक टांगली आणि स्वतः बसले. वाळूच्या पोत्यांना बांधलेला तो माणूस सोळा फूट वर गेला!

पण मला भावलं ते वेगळंच. त्यांनी पेटंट घेतलं नाही. जे जमलं, जे फसलं, सगळं छापून जगाला मोकळं केलं. १९०६ साली सांतोस-द्युमाँ यांचं विमान पॅरिसला उडालं, त्याचे पंख म्हणजे या पेट्याच.

आणि मी? माझ्या टिपणांची वही वर्षानुवर्षं कपाटात कुलुपबंद ठेवली. नव्या शिक्षकांनी मागितली, तरी दिली नाही. काल तीच वही शेजारच्या तरुण शिक्षिकेला देऊन आलो. उशीर झाला खरा, पण हलकं वाटलं.