खांदेरीचें दीपगृह

सेवाग्रामपासून समुद्र आगगाडीनें साडेचारशें मैलांहून दूर आहे. तरी वर्ध्याच्या कापसाचें नातें त्या समुद्राशीं जुनें. १८६७ सालीं भुसावळ-नागपूर लोहमार्ग पुरा झाला आणि इकडच्या गांठी थेट मुंबई बंदरीं जाऊं लागल्या. त्याच सालीं मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी बेटावर दीपगृह उजळलें.

हें बेट कांहीं रिकामा खडक नव्हतें. १६७९ सालीं शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें मायनाक भंडारी ह्यानें तेथें तट बांधण्यास घेतला, तेव्हां मुंबईकर इंग्रजांच्या पोटांत गोळाच उठला. बंदरांत शिरणारें गलबत खांदेरीच्या नजरेंतून सुटणें कठीण! इंग्रजांनीं आरमार आणून बेटाची नाकेबंदी केली. पण मराठ्यांच्या हलक्या होड्या वल्हीं मारीत रात्रींतून निसटत व दाणागोटा पोंचवीत. ऑक्टोबरांत इंग्रजांचें ‘डव्ह’ हें गलबतच मराठ्यांच्या हातीं लागलें. पुढल्या वर्षीं सिद्दी शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडून बसला. इंग्रजांनीं मात्र तह करून काढता पाय घेतला. १७१८ सालीं त्यांनीं पुन्हा चाल केली, ती कान्होजी आंग्र्यांच्या लोकांनीं परतविली. अखेर १८१८ सालीं पेशवाईबरोबर खांदेरीही गेली. ज्या उंचवट्यावरून परक्या शिडांवर पहारा करावयाचा, तेथूनच मग त्या शिडांना वाट दाखविली जाऊं लागली.

दीपगृहांतील खरी करामत ज्योतीची नव्हे, कांचेची. उघड्या दिव्याचा उजेड आकाशांत नि पायथ्याशीं वायां जातो. १८२२ सालीं फ्रेनेल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्यावर तोड काढली. ज्योतीभोंवतीं कांचेच्या लोलकांचीं कडीं अशीं बसवावयाचीं, कीं वरखालीं पळणारे किरण वळून क्षितिजाकडेच जावे. पृथ्वी वाटोळी, म्हणून उंचीही हवी. शंभर फुटांवरून क्षितिज सुमारें बारा मैलांवर दिसतें. विजेपूर्वीं फिरत्या दिव्यांचें भिंग घड्याळाच्या यंत्रानें फिरे. मनोऱ्याच्या पोटांत दोरानें लोंबणारें वजन हळूहळू उतरे, तसें तें फिरे. वजन तळाशीं पोंचण्यापूर्वीं रखवालदारानें पुन्हा किल्ली द्यावयाची. मध्यरात्रीं त्याचा डोळा लागला तर भिंग थांबे, आणि खलाशाला तो दिवा ओळखूं येईना. कारण दोन झोतांमधील अंतर प्रत्येक दीपगृहाचें निराळें. सेकंद मोजावे, पुस्तकांत पहावें, म्हणजे किनारा कोणता तें समजे. मुंबईच्या टोंकाशीं प्राँग्सचा दिवा १८७५ सालीं लागला, तेव्हां ही ओळख अधिकच अगत्याची झाली.

१९९८ सालीं बेटाला कान्होजी आंग्र्यांचें नांव दिलें गेलें. २०२५ सालीं हा दुर्ग मराठा लष्करी स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादींत आला. कोळी मात्र त्याला खांदेरीच म्हणतात, व तेथल्या वेताळाला नारळ वाहण्यास होड्या घेऊन येतात. चाकांच्या लोखंडी गाड्यांवरील जुन्या तोफा अजून बेटावर आहेत.