पेजमेकर, लॉक आणि न हलणारा संगणक

वैभववाडीसारख्या तालुक्याच्या पेठेतल्या डीटीपीच्या दुकानात बहुधा दोन संगणक असतात. नवा संगणक पुढे, काउंटरपाशी. त्यावर ऑनलाइन अर्ज, दाखले, आधारच्या झेरॉक्स अशी रोजची कामं चालतात. जुना आत, भिंतीला टेकवलेला. प्लास्टिक पिवळं पडलेलं, पंख्याचा आवाज मोठा, स्क्रीनवर विंडोज ९८ किंवा एक्सपी. लग्नपत्रिका, जत्रोत्सवाचं पत्रक, डबलबारीचं पोस्टर, मुंबई मंडळाची स्मरणिका असलं काम आलं की मालक उठून या जुन्यापाशी जातो. हा अजून का ठेवलाय, असं विचारलं तर उत्तर साधं असतं: मॅटर ह्यातच आसा, नि लॉकय ह्येकाच लागता.

जुने संगणक हौसेने जमवणारे, तीस वर्षांपूर्वीचे खेळ आणि चित्रांची सॉफ्टवेअरं पुन्हा चालवून बघणारे लोक जगभर आहेत. आपल्याकडे मात्र तोच खटाटोप पोटासाठी चालतो. या पिवळ्या डब्याला जागेवर बांधून ठेवलंय ते मराठी अक्षराने. ते कसं, हे बघायला थोडं मागे जावं लागतं.

छापखान्यात देवनागरीची अडचण पहिल्यापासून संख्येची होती. इंग्रजी जुळाऱ्याचं थोडक्या खिळ्यांत भागायचं. मराठी जुळाऱ्यापुढे जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, उकार, वेलांट्या मिळून कित्येक शे घरांच्या केसी मांडलेल्या असत. संगणक आला तेव्हा ही अडचण मिटली नाही, ती फक्त शिशातून सिलिकॉनमध्ये गेली.

तिच्यावरचा पहिला भारतीय तोडगा हार्डवेअरचा होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या तंत्राचं काम १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि तिथून जिस्ट कार्ड बाहेर पडलं. हे कार्ड संगणकाच्या स्लॉटमध्ये बसवलं की डॉसवरचे वर्डस्टार, डीबेस यांसारखे इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्राम पडद्यावर मराठी दाखवू लागत. आत साठवलेलं असे ते मूळ अक्षर: क, मग हलन्त, मग ष. त्यातून ‘क्ष’चा आकार घडवण्याचं काम कार्ड करी. अक्षर साठवायची हीच पद्धत पुढे इस्की या नावाने १९९१ साली भारतीय मानक झाली. युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरूनच घेतलेली आहे. म्हणजे मराठी संगणकात कशी ठेवावी, याचं बरोबर उत्तर आपल्याकडे तेव्हाच तयार होतं.

घोटाळा झाला तो पानं लावणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. १९८५ साली मॅकिंटॉशवर आल्डस कंपनीचं पेजमेकर आलं, लेझर प्रिंटर आला, अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा आली, आणि टेबलावर बसून अख्खं पान लावता येऊ लागलं. पेजमेकर लवकरच विंडोजवरही उतरलं. १९८९ साली कोरलड्रॉ आलं आणि १९९२च्या विंडोज ३.१ मध्ये ट्रूटाइप फॉन्ट आले. जिस्ट कार्ड या जगात निरुपयोगी होतं. ते मजकुराचे पडदे दाखवणाऱ्या प्रोग्रामसाठी होतं आणि पेजमेकर पडद्यावर चित्र काढत होतं. पेजमेकरला क आणि ष जोडले की क्ष होतो हे ठाऊक नव्हतं. ते शिकवायला अमेरिकेतल्या कंपनीला तेव्हा कारणही नव्हतं.

मग आपल्या लोकांनी सॉफ्टवेअरला न शिकवता फसवलं. इंग्रजी फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरं. त्यातली काही वापरता येत नाहीत. उरलेल्या घरांत ए, बी, सीच्या जागी अर्धा क, काना, रफार, श्रचा तुकडा असे आकार बसवले. पेजमेकरच्या मते तुम्ही इंग्रजीच लिहीत होतात, फक्त फॉन्ट वेगळा होता. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बेंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकचेच सुरेख आणि योगेशसारखे फॉन्ट हे सगळे याच वाटेने गेले. ही युक्ती इतकी चालली की मराठी वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं आणि तालुक्याच्या गावातल्या पत्रिका तिच्यावर छापल्या गेल्या. शिशाचे खिळे गेले आणि लेझरवर बटर पेपर काढून मिनी ऑफसेटवर छपाई सुरू झाली.

पण डब्याला बांधणारा पहिला धागा इथेच आहे. कुठल्या घरात कुठला तुकडा, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. त्यामुळे श्रीलिपीत लावलेलं मॅटर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये उघडलं की निव्वळ कचरा दिसतो. फॉन्टच नसेल तर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग. शिवाय साठवण उच्चाराप्रमाणे न होता दिसण्याप्रमाणे झाली. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी, क नंतर. रफार ज्या अक्षरावर दिसतो त्याच्या नंतर. आज हे मॅटर युनिकोडमध्ये न्यायचं तर प्रत्येक तुकडा ओळखून पुन्हा जागेवर बसवावा लागतो. रूपांतराची साधनं आहेत, पण त्यांच्यानंतर डोळ्यांत तेल घालून प्रूफ वाचावंच लागतं.

दुसरा धागा कुलपाचा. हे फॉन्ट आणि त्यांचं कीबोर्ड-सॉफ्टवेअर महाग होतं आणि त्याची नक्कल सहज होई. म्हणून त्याच्यासोबत डोंगल येऊ लागलं. दुकानात त्याला लॉक म्हणतात. हा बोटाएवढा ठोकळा संगणकामागच्या प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला लावायचा. तो लागलेला नसेल तर मराठी टाइप होत नाही. विंडोज ९८ मध्ये प्रोग्रामला त्या पोर्टशी थेट बोलता येई. एक्सपीपासून मध्ये ड्रायव्हर लागू लागला. ६४ बिटच्या विंडोजमध्ये जुना ड्रायव्हर चालत नाही आणि १६ बिटचे जुने इन्स्टॉलर तर सुरूच होत नाहीत. नव्या संगणकांवर तो पोर्टही राहिला नाही. यूएसबीतून प्रिंटर पोर्ट काढणारी वायर मिळते, पण ती प्रिंटरपुरती असते, लॉकला ती पुरत नाही. नव्या संगणकात आभासी विंडोज ९८ उभारता येतं, पण तिथंही बहुतेकदा लॉकपाशीच अडतं.

तिसरा धागा सॉफ्टवेअर अनाथ होण्याचा. १९९४ साली अडोबीने आल्डस विकत घेतली आणि १९९९ साली इनडिझाइन बाजारात आणलं. २००१ सालचं पेजमेकर ७ हे शेवटचं ठरलं. इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडत, पुढच्या सीसी आवृत्त्यांनी ते दार बंद केलं. २०१४च्या ८ एप्रिलला एक्सपीचा आधार संपला. २०२३च्या जानेवारीत अडोबीने आपल्याच जुन्या टाइप १ फॉन्टचा आधार काढून घेतला.

आता या डब्याचा मदरबोर्ड गेला तर काय होतं बघा. कोकणातली ओल आणि पावसाळ्यातल्या विजा यांच्यापुढे तो कधी ना कधी जातोच. मग करूळ घाट चढून कोल्हापूरला किंवा खाली कणकवलीला जुन्या सामानात शोधाशोध. मदरबोर्डवर प्रिंटर पोर्ट हवा. रॅम ५१२ एमबीच्या वर गेली की विंडोज ९८ अडखळतं, म्हणून ‘जास्त चांगली’ मशीन इथे उपयोगाची नाही. हार्डडिस्क १३७ जीबीच्या आतली हवी. ग्राफिक्स कार्डाचा त्या विंडोजसाठीचा ड्रायव्हर मिळाला नाही तर पडदा ६४० बाय ४८० आणि सोळा रंगांवर अडकतो. पेजमेकरच्या पेट्यांनीच तो भरून जातो आणि पानाला जागा उरत नाही. मग प्रिंटरचा ड्रायव्हर हवा, कारण पेजमेकर पान लावतं ते समोरच्या प्रिंटरच्या मापाने. प्रिंटर बदलला की ओळी सरकू शकतात. सगळं जुळलं की शेवटी लॉक. एक कडी निसटली तरी पत्रिका छापत नाही.

कोरलवाल्यांनी यातून अर्धी सुटका करून घेतली. फ्लेक्सला फाइल पाठवताना अक्षरांचे कर्व्ह करायचे, म्हणजे अक्षराचं चित्र होतं आणि समोर फॉन्ट लागत नाही. सोबत ‘जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून पाठवा’ हा निरोप ठरलेला. छपाई होते, पण कर्व्ह केलेल्या मजकुरात नंतर चूक दुरुस्त करता येत नाही आणि शोधताही येत नाही.

दरम्यान मूळचं बरोबर उत्तर वळसा घालून परत आलं होतं. विंडोज २००० देवनागरी युनिकोड जाणत होतं आणि त्यासोबतचा मंगल फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखला होता. पानांचं जग मात्र फार उशिरा जागं झालं. कोरलमध्ये अशा लिप्यांची नीट सोय २०१२च्या एक्स ६ मध्ये आली. आज मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट-संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’सारखे देखणे युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात. श्रीलिपीही युनिकोडमध्ये आली. तरी दुकानदार जुन्या डब्यापाशी जातो, कारण वीस वर्षांचे नमुने त्यात आहेत आणि हाताला त्याच कीबोर्डाची सवय आहे.

दुकानदाराला मागासलेला म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही. परदेशी सॉफ्टवेअरने मराठीला जागा दिली नाही तेव्हा या युक्तीनेच मराठी छापली गेली. तिची किंमत आता चुकती होते आहे, एवढंच. ती आणखी वाढू नये यासाठी जुनी मशीन चालू आहे तोवर तीन कामं उरकून घ्यावीत. प्रत्येक फाइलची फॉन्टसकट पीडीएफ करावी. मोठा मजकूर युनिकोडमध्ये आणून तपासावा. कर्व्ह न केलेली मूळ फाइल आणि फॉन्टच्या फाइली हार्डडिस्कबाहेर दोन ठिकाणी ठेवाव्यात. हे झाल्याशिवाय डबा भंगारात देऊ नये.

यातलं पहिलं पाऊल गिऱ्हाइकानेही उचलावं. गावच्या देवस्थानाची, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची किंवा मुंबई मंडळाची स्मरणिका ज्या दुकानात लावली होती, तिथे मे महिन्यात गावी गेलात की विचारा: फाइल आहे का, आणि ती अजून उघडते का?