अज्ञात मोटार

शहरांतील रस्त्याच्या कडेला रात्रीं उभी केलेली मोटार सकाळीं पाहावी, तों दार चेपलेलें, दिव्याची कांच खालीं विखुरलेली, आणि ठोकर देणाऱ्याचा मागमूसहि नाहीं, असा प्रसंग पुष्कळ कुटुंबांवर येतो. मालक पोलिस चौकीवर जातो, तेथून विमा कंपनीकडे वळतो. दोन्ही ठिकाणीं पहिला प्रश्न एकच असतो : धडक देणाऱ्या गाडीचा नंबर काय? नेमका तोच त्याला ठाऊक नसतो. ह्या एका प्रश्नाभोंवतीं मोटारींचा कायदा शंभराहून अधिक वर्षें घुटमळत राहिला आहे.

घोड्याच्या किंवा बैलाच्या गाडीखालीं कोणी सांपडला, तर हांकणाऱ्यास पसार होण्यास फारसा वाव नसे. गाडी कोणाची, जनावर कोणाचें, हें निम्म्या गांवास माहीत असे. मोटारीनें हें सारें पालटलें. वेगाबरोबर तिनें हांकणाऱ्यास निनांवीपणाहि दिला. म्हणूनच इंग्लंडांत १९०३ सालीं मोटारींचा कायदा झाला, तेव्हां त्यांत दोन गोष्टी एकत्र आल्या : प्रत्येक गाडीवर नोंदणीचा नंबर असला पाहिजे, आणि अपघात झाल्यास हांकणाऱ्यानें थांबून, विचारल्यास, आपलें व मालकाचें नांव सांगितलें पाहिजे. १९०४ च्या जानेवारीपासून हा कायदा अंमलांत आला.

पाटी लावली म्हणजे माणूस थांबेल, ही अपेक्षा लवकरच फोल ठरली. १९०५ च्या एप्रिलमध्यें हर्टफर्डशायरमधील मार्किएट ह्या खेड्यांत एका मोटारीनें लहान मुलास चिरडलें व ती न थांबतां निघून गेली. लंडनच्या 'डेली मेल' पत्रानें अपराध्याचा माग लावून देणाऱ्यास शंभर पौंडांचें बक्षीस जाहीर केलें. माग लागला; आणि ती मोटार त्या पत्राचे मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ ह्यांच्या सख्ख्या बंधूंची निघाली! हांकणारा त्यांचा नोकर होता. बक्षिसाची जाहिरात देतांना जो आवेश होता, तो बक्षिसाचा हेतु सफल झाल्यावर टिकला असेल, असें वाटत नाहीं.

अपराधी सांपडला तरी त्याच्या खिशांत पैसा नसेल तर काय? ह्याचें उत्तर इंग्लंडानें १९३० च्या कायद्यानें दिलें. दुसऱ्यास होणाऱ्या इजेबद्दल प्रत्येक मोटारीचा विमा सक्तीचा झाला. परंतु विमा हा विशिष्ट गाडीशीं बांधलेला. गाडीच अज्ञात, तर विमा कोणाचा? तेथील विमा कंपन्यांनीं १९४६ सालीं सामाईक संस्था स्थापिली. तरी पळून गेलेल्या, न सांपडलेल्या मोटारीच्या बळींसाठीं रीतसर करार व्हावयास १९६९ साल उजाडलें.

हिंदुस्थानांत हाच मार्ग थोडा मागाहून चोखाळला गेला. १९१४ च्या कायद्यांत नोंदणी होती, विम्याची सक्ती नव्हती. ती १९३९ च्या कायद्यांत आली, आणि तीहि प्रत्यक्ष लागू झाली १ जुलै १९४६ रोजीं. १९५६ च्या दुरुस्तीनें भरपाईसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली. पण ह्या सर्व सोयींच्या दाराशीं तोच पहारेकरी उभा होता : नंबर सांगा, मग आंत या.

तो पहारा १९८२ सालीं थोडा सैल झाला. त्या वर्षींच्या दुरुस्तीनें 'ठोकर मारून पळालेल्या' वाहनाची व्याख्या केली. गंमत अशी, कीं त्या व्याख्येंत पळण्याचा प्रश्नच नाहीं. वाजवी प्रयत्न करूनहि ज्या वाहनाची ओळख पटत नाहीं, तें वाहन, एवढाच तिचा आशय आहे. मृत्यूबद्दल पांच हजार व गंभीर दुखापतीबद्दल एक हजार रुपये ठरले. १९८८ च्या कायद्यानें ते आंकडे साडेआठ हजार व दोन हजार झाले. १९९४ सालीं पंचवीस हजार व साडेबारा हजार. आणि १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख व पन्नास हजार. एका जिवाची किंमत पांच हजार करतांना कोणत्या हिशेबनिसानें लेखणी धरली होती, कोण जाणे.

पैसा वाढला, पण मागणारे आले नाहींत. २०२२ सालीं देशांत अशा ६७,३८७ अपघातांची नोंद झाली. मार्च २०२३ अखेरच्या आर्थिक वर्षांत भरपाईचे अर्ज आले अवघे २०५. हे आंकडे सर्वोच्च न्यायालयापुढें आले, तेव्हां १२ जानेवारी २०२४ रोजीं न्यायालयानें आदेश दिला, कीं महिन्याभरांत वाहनाचा छडा न लागल्यास ठाण्याच्या अधिकाऱ्यानें जखमीस किंवा मृताच्या वारसांस ह्या योजनेची माहिती लेखी कळवावी. चाळीस वर्षें हक्क कागदावर होता, आणि तो आहे हें घरच्यांस सांगण्याचें काम कोणी आपलें मानलें नव्हतें!

मात्र ह्या साऱ्या दयाळूपणांत चेपलेल्या दारास एक पैहि नाहीं. योजना मृत्यु व गंभीर दुखापत एवढ्यांसाठींच आहे. मोटारीच्या मालकानें स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाहि विमा उतरला असेल तरच त्याची सोय. आणि तेथेंहि एक चमत्कारिक न्याय आहे. दावा न करणाऱ्यास पुढच्या हप्त्यांत वीस ते पन्नास टक्के सूट मिळते. निर्दोष मालकानें पळपुट्याच्या ठोकरीबद्दल दावा केला, कीं ती सूट सामान्यतः जाते. म्हणून लहानसें नुकसान असल्यास शहाणा गृहस्थ आधीं गॅरेजचा खर्च व सुटीची रक्कम पाटीवर मांडून पाहतो, आणि पुष्कळदां गप्प बसतो.

डिसेंबर २०२३ मध्यें नव्या न्यायसंहितेनें, मृत्यु घडवून खबर न देतां पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली. लगेच ट्रकचालकांनीं संप केला. १ जुलै २०२४ रोजीं संहिता लागू झाली ती हें पोटकलम वगळून.

पोलिसांच्या दप्तरांत अशा तपासाचा शेवट ठरलेला असतो. किरकोळ नुकसानीची बहुधा ठाण्याच्या दैनंदिनींत नोंद होते, आणि तिचा उतारा मालकास मिळतो. रीतसर गुन्हा दाखल झाला व छडा लागला नाहीं, तर महाराष्ट्रांत त्यावर 'अ' वर्गाची समरी मिळते : गुन्हा खरा, परंतु आरोपी सांपडला नाहीं. तो कागद विम्याच्या कागदांबरोबर कपाटांत जातो, आणि दार मालकाच्या पैशानें सरळ होतें.