जुनी मत्स्यपेटी : काच निवळते, सांधा नाही

मासे दगावले की काचेची मत्स्यपेटी बहुधा माळ्यावर जाते आणि तेथे तिची अडगळीची पेटी होते. कुणी तीत फिनेलच्या बाटल्या ठेवतो, कुणी ब्लिचिंग पावडरचा पुडा. परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावी, जेथे घर आणि शेत यांत फारसे अंतर नसते, तेथे कपाशीवर फवारायचे औषधही तीत ठेवले जाण्याचा संभव असतो. पुढे तीच पेटी मुलांच्या हट्टापायी खाली उतरते, किंवा स्वस्तात दुसऱ्याच्या घरी जाते.

काच रसायन शोषून घेत नाही. काचा जोडणारा सिलिकॉनचा सांधा मात्र तेलकट द्रव्ये धरून ठेवतो आणि सावकाश पाण्यात सोडतो. तळाची वाळू, फिल्टरचा स्पंज, रबरी नळ्या आणि शोभेची लाकडे यांचीही तीच गत. म्हणून पहिल्याप्रथम ही सारी सामग्री टाकून द्यावी; तिच्यावर पाणी खर्च करण्यात अर्थ नाही.

त्यानंतर पेटीत काय सांडले होते, याचा तपास करावा. क्लोरिनयुक्त ब्लिच असेल तर काम सोपे. भरपूर धुवून पेटी दोन-तीन दिवस उन्हात वाळवली की क्लोरिन उडून जातो. उरलेल्या अंशासाठी सोडियम थायोसल्फेट पुरते. जुन्या फोटो स्टुडिओंत 'हायपो' म्हणून ओळखले जाणारे ते हेच. शोभेच्या माशांच्या दुकानांतून क्लोरिन घालवणारे थेंब मिळतात, त्यांतही बहुधा तेच असते. फिनेलवर मात्र हायपोचा काहीही परिणाम होत नाही. तेथे धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने तेलकट थर काढावा. कढत पाणी ओतल्यास काच तडकते.

धुण्यासाठी पाणी किती लागते? दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत सुमारे 56 लिटर पाणी मावते. पाण्याअभावी 2015 मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले, त्या परिसरात अशी पेटी चार वेळा भरून ओतणे कुणालाच परवडणारे नाही, आणि त्याची गरजही नाही. पेटीत 100 मिलिलिटर दूषित पाणी उरले असता दोन लिटर स्वच्छ पाणी घालून सर्व बाजू चोळल्या व ते ओतून दिले, तर दोष सुमारे विसाव्या हिश्श्यावर येतो. असे तीनदा केल्यास तो आठ हजाराव्या हिश्श्याहूनही खाली जातो. एकूण खर्च सहा लिटर! अर्थात हा हिशेब पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांपुरताच खरा.

बोअरच्या जड पाण्यामुळे काचेवर साचलेला पांढरा थर व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाने निघतो. येथे एक धोका संभवतो. पेटीत ब्लिचचा अंश शिल्लक असताना आम्ल घातल्यास क्लोरिन वायू सुटतो. 1915 मध्ये ईप्रच्या रणांगणावर वापरला गेला तो हाच वायू. फरशी वा संडास साफ करण्याच्या आम्लाच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे. ब्लिच पूर्ण धुतल्याखेरीज आम्लाला हात लावू नये. काम अंगणात करावे, हातमोजे घालावेत. उग्र वास आल्यास सारे तेथेच सोडून मोकळ्या हवेत जावे. घासण्यासाठी साबणाऐवजी खडेमीठ बरे, कारण साबणाचा अंश माशांच्या कल्ल्यांना बाधतो.

सांध्याची परीक्षा घरीच करता येते. पेटीत थोडे कोमट पाणी घालून वर झाकण ठेवावे व सकाळी वास घ्यावा. फिनेलचा वास आला तर सिलिकॉन पात्याने खरवडून सांधे नव्याने भरावे लागतात. त्यासाठी बुरशीरोधक सिलिकॉन वापरू नये. त्यातील औषध माशांना मारक ठरू शकते.

कीटकनाशकाला मात्र ही परीक्षा लागू नाही. डासांच्या फवाऱ्यात असणारी पायरेथ्रॉइड द्रव्ये अत्यल्प प्रमाणातही माशांचा जीव घेतात आणि ती वासावरून कळतीलच असे नाही. शेतीचे औषध सांडलेल्या पेटीत मासे सोडू नयेत, तीत पिण्याचे पाणी वा धान्यही साठवू नये. अशा पेटीचे धुवण विहीर, ओढा किंवा जनावरांच्या हौदाजवळ ओतू नये.