न्यायमूर्ती नियोगींचे १९५६
नागपूर नगरपालिकेचे अध्यक्ष आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले डॉ. भवानीशंकर नियोगी आज स्मरणात आहेत ते एका अहवालामुळे. मध्य प्रदेश शासनाने १९५४ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करून १९५६ मध्ये प्रलोभनाने होणाऱ्या धर्मांतरास कायद्याने पायबंद घालण्याची शिफारस केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, नागपुरात डॉ. आंबेडकरांनी घडविलेल्या धम्मदीक्षेच्या वेळी, नियोगींनी स्वतः बौद्ध धम्म स्वीकारला.

अहवालाचा दाखला देणारे बहुधा ही दीक्षा विसरतात. नियोगींचा आक्षेप धर्मांतराला नव्हे, प्रलोभनाला होता, असे म्हणता येईल. पण गरिबाचा विवेक कुठे संपतो आणि प्रलोभन कुठे सुरू होते, हे ठरवायचे कोणी? अहवालाने तो अधिकार कायद्याच्या हाती सोपवू पाहिला. दीक्षाभूमीवर लाखो दलितांनी तो स्वतःच बजावला. न्यायमूर्तींनीही अखेर तीच वाट धरली.