सिनेमाचा राहिलेला शेवट

आमच्या भागात सिनेमा ट्रकमधून यायचा. थंडीत पुसेगावला सेवागिरी महाराजांची जत्रा भरते. बैलबाजाराच्या अंगाला चार-पाच तंबू उभे राहायचे. जुनाट ट्रक, त्याच्या पाठीतच मशीन बसवलेलं, पुढं पडदा, वर भोंगा. मशिनात कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींजवळ आणून जाळ काढायचे आणि त्या उजेडावर सिनेमा दिसायचा. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, आणि मशीन एकच. मग रीळ बदलेपर्यंत अंधार, शिट्ट्या आणि शेंगदाण्याच्या टरफलांचा आवाज. मधे दोर बांधून एका बाजूला बायका, एका बाजूला गडी. खाली धुरळा, वर चांदणं. खुर्ची कुणालाच नव्हती, त्यामुळं पाटलाचा आणि गड्याचा तिकिटाचा दर एकच असायचा.

1969 सालच्या जत्रेला मी दहा वर्षांचा होतो. दादांनी म्हणजे माझ्या वडलांनी आईला ‘संत तुकाराम’ दाखवायचं कबूल केलं होतं. ‘प्रभात’चा हा सिनेमा 1936 सालचा, दामले आणि फत्तेलालांनी काढलेला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे मी फार उशिरा वाचलं. आम्हाला तेवढंच ठाऊक होतं की विष्णुपंत पागनीसांना तुकारामाच्या वेषात बघून बायका हात जोडतात. तेहतीस वर्षांचा सिनेमा तंबूत अजून चालत होता. नव्या सिनेमाचं भाडं न परवडणाऱ्या तंबूवाल्याला असल्या जुन्या देवादिकांच्या सिनेमांचाच आधार होता.

दादांनी तिकिटं तीन काढली. स्वतःचं, आईचं आणि आजीचं. मला आणि चुलतभावाला गाडीपाशी बसवलं, बैलं राखायला. परत निघताना गूळशेव द्यायचं ठरलं होतं. पण भोंग्यातून आवाज यायला लागला आणि आमचा धीर सुटला. बैलं जोखडाला बांधून आम्ही दोघं कनातीखालून आत सरकलो. कनातीच्या खुंट्याला माझी चड्डी अडकून फाटली, ते अजून आठवतंय. आत नुसते पाय दिसत होते. दोन रिळं बघितली असतील तोवर डोअरकीपरची बॅटरी तोंडावर आली. त्यानं दोघांचे कान धरून उभं केलं आणि मोठ्यानं विचारलं, “कुणाची पोरं हायती ही?”

दादा गड्यांच्या बाजूनं उठले. मला वाटलं आता मार बसणार. पण त्यांनी आधी खिशातून पैसे काढले आणि दोघांचे चार-चार आणे डोअरकीपरच्या हातावर ठेवले. तो म्हणाला, “राहू द्या पाटील, बारकी पोरं हायती.” दादा म्हणाले, “त्यांनी बघितलाय ना? मग पैसे घ्या.” मार बाहेर आल्यावर बसला. आणि त्याच वेळी कळलं की सर्ज्या जागेवर नाही. कासरा तुटला होता.

जत्रेत बैल हरवणं म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच कळेल. हजारो बैलांत एक पांढरा बैल. आमची सगळी शेती त्या दोन बैलांवर. दादा कंदील घेऊन बाजारात शिरले, मी मागं. आजीला आणि आईला गाडीपाशी बसवलं, दुसरा बैल राखायला. पहाटे एका व्यापाऱ्याच्या दावणीला सर्ज्या सापडला, तो तिथं निवांत वैरण खात होता. आम्ही परत आलो तेव्हा तंबू रिकामा झाला होता.

आई मला काही बोलली नाही. तेव्हाही नाही, पुढंही नाही. गाडीत एवढंच आजीला म्हणाली, “समदं ऐकू आलं. विमान आलं तवा बाया रडत व्हत्या. पर दिसलं न्हाई.”

त्यानंतर तंबूवाले आले आणि गेले. ‘पिंजरा’ आला, दादा कोंडक्यांचे सिनेमे आले, ‘जय संतोषी माँ’ला तर तंबूबाहेर चपलांचा ढीग लागायचा. ‘संत तुकाराम’ मात्र पुन्हा आमच्या वाट्याला आला नाही. आला असेल तेव्हा कांद्याची लावण असेल, नाहीतर घरात कुणी आजारी असेल.

मग व्हिडिओ आला. साधारण 85-86 साल असेल. गणपतीत मंडळानं वर्गणी काढायची, तालुक्याहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्यानं आणायचा, संगं तीन कॅसेटी. संध्याकाळी सुरू केलं की उजाडेपर्यंत तीनही संपवायच्या, कारण भाडं रात्रीचं. दुसऱ्या दिवशी रानात निम्मं गाव पेंगत असायचं. कॅसेट कुणाची, कुणी उतरवली, हे कुणी विचारत नव्हतं. पोरांना मारामारी पाहिजे असायची आणि तिसरी कॅसेट कसली असायची ते सांगायची सोय नाही. पुढं गावोगाव व्हिडिओची दुकानं निघाली, तिथं तर बाई फिरकायचीच नाही.

मला एक गोष्ट नेहमी वाटते. तंबूत बायकांसाठी निदान दोर बांधलेला होता. तो अर्धा भाग त्यांचा होता, हक्काचा. व्हिडिओनं तो दोर सोडला आणि बायका घरी बसल्या. 1987 साली टीव्हीवर ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा त्या पुन्हा पडद्यापुढं आल्या. रविवारी सकाळी ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीवर सगळी आळी. आमच्या आईनं ‘रामायणा’चा एक भाग चुकवला नाही. त्यात विमान आलं की ती माझ्याकडं बघायची. नुसतं बघायची.

दादा 1998 साली गेले.

चकत्या आल्या त्या त्यानंतर. व्हीसीडीच्या एका चकतीवर सत्तर-पंचाहत्तर मिनिटं मावायची, म्हणून एका सिनेमाला दोन, हिंदी असला तर तीन चकत्या. 2007 च्या सुमारास मोजर बेअर कंपनीनं 28 रुपयांना व्हीसीडी काढली आणि सगळ्यांचेच भाव उतरले. त्याच काळात साताऱ्याला स्टँडजवळच्या दुकानात मला ‘संत तुकाराम’ दिसला. दोन चकत्या, पाकिटासकट. बटाट्याच्या पट्टीचे पैसे खिशात होते, लगेच घेतला. घरी आलो आणि त्याच रात्री लावला. पहिली चकती संपली, दुसरी घातली आणि लाईट गेली. तेव्हा भारनियमनाचा काळ होता, आठवड्याचं वेळापत्रक भिंतीला चिकटवून ठेवायचो, तरी लाईट त्या वेळापत्रकाबाहेरच जायची. आई म्हणाली, “जाऊ दे लेका, उद्या बघू.” दुसऱ्या दिवशी आळीतल्या कुणीतरी प्लेअर नेला, तो दोन महिन्यांनी बिघडून परत आला. आणि पोरांनी ती दुसरी चकती ज्वारीत पाखरं हुसकावायला दोऱ्यानं टांगली. उन्हात चमकते म्हणून. मी रानात गेलो तर ताटाला तुकाराम लोंबकळतोय. काय बोलणार! पाखरं मात्र येत नव्हती हे खरं.

2011 च्या दिवाळीला धाकट्यानं होम थिएटर आणलं. त्याचा आयटीआय झालेला आहे, पुण्याला कंपनीत आहे. मोठा सपाट टीव्ही आणि सहा डबे. समोर दोन, मागं दोन, टीव्हीखाली मधला एक आणि कोपऱ्यात दणका देणारा मोठा डबा, त्याला सबवूफर म्हणतात. पाच आणि एक म्हणून त्याला फाईव्ह पॉईंट वन म्हणायचं. तांबड्या-काळ्या वायरी भिंतीनं फिरवल्या, पालीसारख्या.

पहिल्या दिवशी दणका दिला तर स्वयंपाकघरातली भांडी मांडणीवरून सरकली. पण बोललेलं एक अक्षर कळेना. आमची नवी खोली स्लॅबची, खाली फरशी, भिंती उघड्या. आवाज इकडून तिकडं आपटत होता. जुन्या मातीच्या घरात हे झालं नसतं, तिथं भिंतीच आवाज पितात. मग बायकोनं तीन वाकळा काढल्या आणि मागच्या भिंतीला खिळ्यांवर टांगल्या, बटाट्याची रिकामी पोती कोपऱ्यात रचली. फरक लगेच पडला. धाकटा म्हणाला, “आण्णा, शहरात ह्याला हजारो रुपये घेतात.”

सिनेमे पेन ड्राईव्हवर होते, शंभरेक असतील. त्यानं मला सांगितलं की चकतीवरचा सिनेमा कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याला ‘रिप’ करणं म्हणतात. रिप म्हणजे फाडणं. मला माझी चड्डी आठवली. काही सिनेमे दिसायचे पण मुके, कारण त्यांचा आवाज ज्या जातीचा तो ह्या मशिनाला वाचता येत नव्हता. काही चार जीबीच्या वरचे, ते पेन ड्राईव्हवर बसतच नव्हते. ही सगळी खटपट तो रात्री बारापर्यंत करायचा. मी विचारलं, “ह्यातले विकत किती घेतले?” तो हसला. “आण्णा, मोबाईलच्या दुकानात वीस रुपयांत पाहिजे तेवढे भरून देतात.”

त्या वीस रुपयांतला एक पैसा सिनेमावाल्याला जात नाही. तंबूवाला निदान रिळांचं भाडं भरायचा, करमणूक कर भरायचा. आणि दादा कनातीखालून आलेल्या पोरांचेही पैसे द्यायचे. हे मी पोराला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण पेन ड्राईव्ह तसाच राहिला. खरं सांगायचं तर मीही त्यातले चार-पाच सिनेमे बघितलेत.

आईच्या सिनेमाला मात्र मला तसं करायचं नव्हतं. आधी आमचीच चकती बघितली. पहिली नीट उतरली. ज्वारीतली दुसरी मऊ फडक्यानं पुसली, मधून कडेकडं, गोल नाही. गोल पुसलं तर ओरखडा लांबतो म्हणे. टूथपेस्टही लावून बघितली. चकती आतून सुरू होऊन कडेला संपते, आणि दोऱ्याला लोंबकळून घासलेली तीही कडच. म्हणजे अडकायचं ते नेमकं शेवटीच. तुकाराम देहूहून निघायच्या आधी चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे आणि कॉम्प्युटर थांबायचा. तीन रात्री हेच. आई खाटेवरून विचारायची, “निघालं का विमान?”

तिची 73-74 वर्षं झाली होती. डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, नजर चांगली होती. पण कान गेले होते. तंबूबाहेर ऐकू येत होतं आणि दिसत नव्हतं. आता दिसत होतं तर ऐकू येत नव्हतं.

साताऱ्याचं ते दुकान बंद होऊन तिथं मोबाईलचं झालं होतं. त्या आठवड्यात वडूजच्या कोर्टात बांधाच्या भांडणाची तारीख होती. तारीख नेहमीसारखी पुढं गेली आणि मी वकीलसाहेबांना चहा पाजून विचारलं. ते म्हणाले, “सिनेमाचा हक्क साठ वर्षांचा, प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्या सालापासून मोजायचा. तुमचा 36 सालचा. तो कधीच सगळ्यांचा झाला. बिनधास्त घ्या.” बांधाच्या केसमध्ये इतकं सरळ उत्तर मला त्यांनी कधी दिलं नाही.

येताना दुकानातल्या पोराकडून ‘संत तुकाराम’ भरून घेतला. वीसची नोट दिली.

रात्री लावला तर पागनीस एकदम जाडजूड दिसायला लागले. टीव्ही रुंद आणि जुनं चित्र चौकोनी, ते ताणलं गेलं होतं. धाकट्यानं बटणं दाबून दोन्हीकडं काळ्या पट्ट्या आणल्या, तेव्हा तुकाराम अंगापिंडानं नीट झाला. आवाजाचीही गंमत. सहा डबे, पण 36 सालचा आवाज एकाच वाटेचा. पोरानं काहीतरी लावलं आणि बोलणं फक्त मधल्या डब्यातून यायला लागलं. बाकीचे गप्प. पंधरा हजारांचं सामान आणि बोलतोय एक डबा! मग माझ्याच डोक्यात आलं. म्हटलं, तो डबा काढ तिथनं. त्यानं वायर जोडून लांबवली आणि डबा आईच्या खाटेवर, उशीजवळ ठेवला. तिनं त्यावर हात ठेवला. हाताला थरथर लागत होती.

“आता येतंय,” ती म्हणाली.

गौरीबाईंची जिजाई भांडायला लागली की आई हसायची. लाईट त्या रात्री गेली नाही. शेवटाकडं मी टीव्ही बघत नव्हतो, आईकडं बघत होतो. विमान आलं, गेलं. ती काही बोलली नाही. मी जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं, “आई, दिसलं का?”

“दिसलं की. मला वाटलं लई मोठं असंल.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “जिजाई मागंच राह्यली व्हय रं? हे मला त्या राती कळलंच न्हवतं.”

डबा तिनं लगेच सोडला नाही. धाकटा वायर गुंडाळायला आला तर म्हणाली, “थांब. तिचं मगाचं भांडण पुन्यांदा लाव.”