फडावरची उचल
आमचे अण्णा तमाशात ढोलकीवर. दसऱ्याला फड निघायचा. त्याआधी मालकाकडून घेतलेली उचल घरच्या देण्यातच जिरायची. मग बुद्धपौर्णिमेपर्यंत राबून फेडायची, आजारपणातही. (मालकही सावकाराचा देणेकरी, त्याला एकट्याला दोष कसा द्यायचा?) नारायणगावला फडांच्या राहुट्यांत गावोगावचे पुढारी खेळांच्या सुपाऱ्या ठरवत, त्यात दवाखान्याचं कलम कधी नसे.

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हे लोक कौतुकानं सांगतात. मला त्यात रजा नसलेली कामगार दिसते. राष्ट्रपतींकडून सन्मान मिळालेल्या या बाई २००२ साली हलाखीतच गेल्या.

वृद्ध कलावंतांना सरकारी मानधन मिळतं, पण त्यासाठी कामाचे पुरावे लागतात. फडात अण्णांना कुणी साधी पावतीही दिली नव्हती.